नैलाच्या फणीतले केस

गाबेस, जारा बाजाराच्या मागे
बुधवार, १६ जुलै १९८६, दुपार

लाडक्या दलंदा,

सलाम. तू आणि तुझे सी महमूद दोघंही खुशाल असाल, घरात लग्नाची धांदल उडाली असेल. इकडे माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण आता ते घरच्या माणसांसारखे झालेत, एखाद्या दिवशी गप्प राहिले तर मलाच चुकल्यासारखं होतं. यंदा मेंदीची कापणी चांगली झाली. गच्चीवर पानं वाळत घातलीत, वास पार मशिदीपर्यंत जातो. शेजारची हलीमा म्हणते, "मन्नूबिया, तुझ्या गच्चीमुळे माझा नवरा शिंकतोय." मी म्हटलं, "शिंकतोय तोवर जिवंत आहे म्हणून समाधान मान."

एवढं वाचून पत्र बाजूला टाकू नकोस. पुढचं कामाचं आहे, आणि ते शनिवारी सकाळी दहाच्या आत वाचलं गेलं पाहिजे.

तुझ्या नैलाचं कार्ड आज आलं. शनिवारी दहा वाजता ती सलूनमध्ये जाणार आहे. डोक्यावरचा काळा रंग काढून टाकणार आणि फिकट बदामी करून घेणार. फिकट केसांत पांढरी मुळं दिसत नाहीत, म्हणजे सासरी दर पंधरा दिवसांनी दार लावून बसायला नको. पोरगी हुशार आहे. आपल्या घराण्यात विशीतच डोकं पिकतं, त्यावर आईलाही एवढी साधी युक्ती सुचली नव्हती.

पुढे ती लिहिते, "मावशी, तूच म्हणाली होतीस ना, हा रंग हवा तेव्हा काढता येतो. सलूनवाल्या बाईंनी विचारलं, आधी काय लावत होतात. मी सांगितलं, मेंदी आणि नीळ. त्या म्हणाल्या, मग काही हरकत नाही."

दलंदा, हरकत आहे.

आजकाल बाजारात पुड्यांतून काय काय मिसळून येतं ते कुणाला कळत नाही. वर मेंदीच्या पानाचं चित्र आणि आत भलतंच. कुठल्या तरी पुडीत धातूची भुकटी असली आणि त्यावर सलूनची ती पांढरी क्रीम पडली, तर केस तापतात. म्हणून माझं एवढंच ऐक. नैलाच्या मानेजवळचे, आतले वीसेक केस काप, दोऱ्याने बांध. औषधांच्या दुकानातून पेरॉक्साइड आण. काचेच्या पेल्यात चार चमचे ओत, त्यात अमोनियाचे वीस थेंब टाक आणि केस बुडव. अर्धा तास थांब. पेल्यावर वाकून बघू नकोस, हातात धरू नकोस. काही झालं नाही, तर खुशाल सलूनला पाठव. फेस आला, पेला गरम झाला, तर पाठवू नकोस.

पेल्यात वीस केस गेले तर काही बिघडत नाही.

सकाळी किराणावाल्याकडून फोन लावला होता. तू उचललास. "कोण?" म्हणालीस. वीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला, अगदी आईसारखा झालाय. मी म्हटलं, "मी मन्नूबिया," आणि खट् झालं. तुझं काही चुकलं नाही. दुकानात चार बायका साखर घ्यायला उभ्या होत्या, तू ठेवला नसतास तरी मला काय बोलता आलं असतं कोण जाणे. तिथून तार करायला पोस्टात गेले. खिडकीत हलीमाचा नवरा. तो शब्द मोजत मोठ्यांदा वाचतो. मी म्हटलं, "काही नाही, तिकीट हवंय." तिकीट घेऊन परत आले.

ट्यूनिसच्या भाड्याच्या गाडीवरचा हादी उद्या पहाटे निघतो, त्याच्या हाती हे पत्र देते. घरी येऊन देईल.

पेल्याचं विसरू नकोस.

तुझी बहीण
मन्नूबिया, मेंदीवाली


गाबेस
गुरुवार, १७ जुलै, संध्याकाळ

दलंदा,

हादी आत्ता परत आला. मी गाडीतळावरच उभी होते. विचारलं, "दिलंस?"

"दिलं, खाला. तुमच्या बहिणीच्या हातातच दिलं."

"वाचलं का?"

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं. "फळीवर ठेवलं. म्हणाल्या, वीस वर्षं जिला वेळ झाला नाही, तिचं पत्र वाचायला मला लग्नघाईत वेळ कुठला. मला मात्र सरबत दिलं. बदामाचं."

तुझं सरबत त्याला आवडलं. मी तशीच घरी येऊन पुन्हा कागद काढला.

म्हणून हे दुसरं. पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: नैला, तुझे केस जळतील, उघड. हादीला बजावलंय, मुलीच्याच हातात द्यायचं आणि ती फोडेपर्यंत दारातून हलायचं नाही. पोस्ट उघडलं की उद्या तारही करणार आहे. हलीमाच्या नवऱ्याला काय मोठ्यांदा वाचायचं ते वाचू दे.

नैला, तू वाचत असलीस तर आईला बसव आणि तिलाही वाचून दाखव. पुढचं तिच्यासाठी आहे.

काल मी बाजारातल्या पुड्यांवर ढकललं. दलंदा, मी आयुष्यात बाजाराची पुडी वापरलेली नाही. तुला ते ठाऊक आहे. आज ते वाक्य वाचलं असतंस, तर तिथेच तुला माझी लबाडी कळली असती.

नैलाच्या केसांना मी मर्दूमा लावत होते.

आईची मर्दूमा, म्हणजे पुरलेली. माजूफळं तेलात परतायची, त्यात तांब्याचा काळा दगड कुटून घालायचा, मडकं बंद करून निखाऱ्यांच्या राखेत पुरून ठेवायचं. आईचा नियम तुला आठवत नसेल, तू तेव्हा माझ्या कडेवर होतीस. पुरलेल्या वस्तूचं नाव तरुण मुलीच्या डोक्यावर घ्यायचं नाही. मुलीला काहीही लावलं तरी म्हणायचं, मेंदी लावली. म्हाताऱ्यांना लावते ती मर्दूमा, पोरींना लावते ती मेंदी, मडकं एकच. जारातल्या सगळ्या मेंदीवाल्या असंच बोलत आल्या. आम्हाला ते खोटं वाटत नव्हतं. शुभ बोलणं वाटत होतं.

नैला पहिल्यांदा आली तेव्हा वीस वर्षांची होती. स्फॅक्सच्या शाळेत शिकवायला नुकतीच लागली होती. माझ्या बुटक्या चौरंगावर बसली आणि रुमाल सोडून रडली. मुलांनी फळ्यावर आजीबाई काढून ठेवली होती. मी आधी खरीच मेंदी लावली, अल्लाची शपथ. पांढऱ्यावर मेंदी म्हणजे गाजर. आरशात बघून म्हणाली, "मावशी, आता मुलं भाजीवाली काढतील." दोघी हसलो. मग म्हणाली, "काळं कर. पण काढता येईल असंच लाव हं. लग्न ठरलं की मला सगळं नवं हवंय."

मी म्हटलं, "येतं की काढता."

काढता येत नाही, दलंदा. मला पक्कं ठाऊक होतं. रंगांच्या जाती असतात. एक नुसता वर बसतो, फड्या निवडुंगाच्या फळावरच्या धुळीसारखा, चार वेळा डोकं धुतलं की गेला. सिनेमातल्या बायका लावतात तो. मेंदी केसाच्या आत शिरते आणि केसाशी सोयरीक करते. ती जात नाही, पण कुणाचं वाईटही करत नाही. नैलाला खरंच मेंदी-नीळ लावली असती, तर सलूनमध्ये फार तर केस हिरवट झाले असते, आठ दिवस हसं झालं असतं, बस. मर्दूमाची जात वेगळी. माजूफळाचा कडू रस आणि तांबं मिळून केसावर आणि केसाच्या आत धातूचा थर बसवतात. वाढून, कापून टाकेपर्यंत तो तिथेच. लिंबू, व्हिनेगर, सी-व्हिटॅमिनच्या गोळ्या कुटून केलेला लेप, आंबट असलं की धातूला थोडंथोडं ओढून काढतं. मी स्वतःच्या डोक्यावर करून पाहिलंय. नऊ वेळा लावलं. काळ्याचं तपकिरी झालं, पुढे हटेना.

आणि सलूनच्या पेरॉक्साइडमध्ये प्राणवायू कोंडलेला असतो. एरवी तो सावकाश बाहेर येतो आणि केसातला रंग खातो. तांबं दिसलं की दाराला आग लागल्यासारखा एकदम धावत सुटतो. त्या धावण्याची उष्णता केसावर आणि केसाखालच्या कातडीवर.

हे मला औषधाच्या दुकानातल्या सी तिजानीने शिकवलं. काल मी तुला सांगितलेला पेल्याचा प्रयोगही त्याचाच. नैला गेल्या खेपेला फणी इथे विसरली होती. काल कार्ड वाचलं आणि फणीतले केस काढून, पेला अंगणात ठेवून पाहिलं. दहा मिनिटांत फेस आला. पेला हातात धरवेना. केस बाहेर काढले तर भिजलेल्या शेवयांसारखे तुटले. म्हणजे काल तुला लिहिलं तेव्हा मला शंका नव्हती. मला माहीत होतं. तरी "पुड्यांत काय येतं कळत नाही" असं लिहून मोकळी झाले.

अजून एक आहे. चहा करून घेतला, तो समोरच थंड झाला.

सी तिजानीने मला हे केव्हा शिकवलं, ते तू विचारशील. अठरा वर्षांपूर्वी. मी तुझ्याबद्दलच विचारायला गेले होते.

सहासष्टच्या ईदला तू आली होतीस. नैला चार वर्षांची, डाळिंबाच्या झाडाला लोंबकळत होती. तुझ्या कपाळावर पांढरं आलं होतं. तू माझ्यासमोर त्याच चौरंगावर बसलीस. मी लेप लावला, वासासाठी लवंग आणि फुलांचं पाणी घातलं होतं. तू विचारलंस, "ताई, मेंदीच ना?" मी म्हटलं, "मेंदीच." तू सत्तावीस वर्षांची होतीस. आईचा नियम होता.

महिन्याभराने ट्यूनिसला रफीकाच्या हाताखाली तुझे केस सोनेरी करायला बसलीस. तुझी जिवाभावाची मैत्रीण, तिचं नवीन दुकान. पुढचं मला चुलत्यांकडून कळलं. धूर निघाला, ओले टॉवेल, तुझ्या किंकाळ्या, सी महमूदने फोडलेला आरसा. रफीकाने निष्काळजीपणा केला असं सगळे म्हणाले. तूही म्हणालीस. तिचं दुकान बंद पडलं.

तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. मनात मात्र काहीतरी टोचत होतं. दोन वर्षं टोचलं, तेव्हा सी तिजानीकडे गेले. म्हटलं, "एका बाईचं असं झालं." त्याने पेला मांडला. माझ्याच केसांची बट टाकली. फेस येताना बघत तो म्हणाला, "त्या सलूनवालीची काही चूक नाही, लल्ला मन्नूबिया. तिला काय लावलंय ते खरं सांगितलं गेलं नाही, एवढंच."

त्या दिवशी घरी येऊन मी तुला लिहायला हवं होतं. लिहायला येत होतं. रात्रशाळेत बायकांबरोबर पाटी धरून शिकले ते कशासाठी? तुला पत्रं लिहिता यावीत म्हणून. आणि जे लिहायचं होतं तेवढंच लिहिलं नाही.

तू तीनदा बोलावलंस. मी आले नाही. पहिल्यांदा भीती होती, नंतरच्या दोन वेळा लाज. तुझ्या उजव्या कानामागे केस पुन्हा आले नाहीत, तू रुमाल तिरका बांधतेस, असं ऐकलं होतं. तो रुमाल मला बघवला नसता. तुला वाटलं, ताईला माज चढला. मी तुला तेच वाटू दिलं. माज परवडला, असं मला वाटलं.

आता तू विचारशील, एवढं कळूनही माझ्या मुलीला तेच लावलंस?

हो.

मेंदी-नीळ तीन दिवसांचं काम, पांढऱ्यावर दोनदा लावावी लागते. ती पोरगी शनिवारी येऊन रविवारी जायची. पण हे कारण झालं. खरं असं, की मर्दूमा दुसऱ्या कुणाला जमत नाही. ती लावली की नैला दर दोन महिन्यांनी माझ्याकडेच येणार. चार वर्षं आली. तुझ्यासारखी बसते, एक पाय दुमडून. तू सांगितलेल्या गोष्टी सांगते. तुझ्याशी तुटलेलं मला तिच्या केसांतून परत मिळत होतं, आणि खरं बोलले असते तर तीही गेली असती. ही कधी केस फिकट करणार नाही, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. सूर्य काय कोंबडं झाकून थांबतो!

मला माफ करू नकोस, पण उद्या पेला मांड. पत्रावर विश्वास ठेवू नकोस, पेल्यावर ठेव.

पोच मिळेपर्यंत मी गाडीतळावर असेन.

मन्नूबिया


गाबेस
मंगळवार, २२ जुलै, सकाळ

लाडक्या दलंदा,

सलाम. तुझ्या हाताच्या ओळी मिळाल्या. सहा ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या, की हलीमा म्हणाली, "कागद झिजेल."

शुक्रवार आणि शनिवार कसे गेले ते तुला सांगणार नाही. तारेच्या वेळी हलीमाच्या नवऱ्याने "केसांना हात लावू नका" असं वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उरलेलं मनातल्या मनात मोजलं. शुक्रवारी हादीची गाडी परतीच्या वाटेत बिघडली, तो आलाच नाही. शनिवारी दहा वाजले तेव्हा मी गाडीतळाच्या कट्ट्यावर बसले होते. शेजारी एक म्हातारा कलिंगड घेऊन बसला होता. म्हणाला, "कुणाची वाट बघता?" मी म्हटलं, "धुराची." त्याने एक फोड कापून दिली. हादी दुपारी आला. लांबूनच हात हलवून ओरडला, "केस आहेत, खाला! डोक्यावर आहेत!" सगळा तळ हसला. मीही हसले, मग रडले, म्हाताऱ्याची कलिंगडाची फोड खारट झाली.

नैलाच्या पत्रातून बाकीचं कळलं. तार आधी पोचली आणि तू ती वाचून म्हणालीस, "ही बाई लग्नात विघ्न आणायला निघालीय." पुढे हादी दारात उभा राहिला आणि हलेना. नैलाने पत्र वाचून दाखवलं, तू मधेच उठून स्वयंपाकघरात गेलीस. तिला वाटलं, तू निघून गेलीस. तू पेला धूत होतीस.

ती लिहिते, पेल्यात फेस चढायला लागला तेव्हा तू हात लावून पाहिलास आणि चटकन मागे घेतलास. केस तुटून तळाशी बसले. तेव्हा तू रुमाल सोडलास आणि मान वळवून मुलीला ती जागा दाखवलीस. वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणालीस, "ही बघ. हे मी रफीकाच्या माथी मारलं."

दलंदा, ते तिच्या माथी तू मारलं नाहीस. तू मला विचारलं होतंस.

नैलाने नवऱ्या मुलाला, रऊफला, सगळं सांगून टाकलं, विशीपासून डोकं पांढरं आहे तेही. यावर तो म्हणाला म्हणे, "माझे पुढचे दोन दात खोटे आहेत. तुला कधी सांगावं, याच विचारात होतो." हा मुलगा मला आवडला. ती काळ्या केसांनीच लग्नाला उभी राहणार, पुढचं वाढू देणार. तिला सांग, तोवर कुठलंही सलून असो, "मेंदी" म्हणायचं नाही. मर्दूमा म्हणायचं, तांबं आहे म्हणायचं, मोठ्यांदा. तरुण मुलीच्या डोक्यावर ते नाव घेतल्याने काही होत नाही. न घेतल्याने काय होतं ते आपण पाहिलं.

आता तुझ्या ओळी. इथे उतरवून ठेवते, म्हणजे मला समजल्यात हे तुला कळेल.

"रफीका आमच्याच वस्तीत राहते. शिवणकाम करते. वीस वर्षांत पुन्हा कुणाच्या केसाला हात लावला नाही. मी रस्त्यात दिसले तर ती बाजू बदलते. आधी तिच्या दाराशी जा. मग आपण दोघी जाऊ, नाहीतर मी एकटी जाईन, पण तू आधी. गुरुवारी नैलाची मेंदी आहे. आलीस तर मेंदी तू लावायचीस. हातांना."

हातांना. समजलं.

हे पत्र आज दुपारच्या गाडीने पुढे पाठवते आणि उद्या, बुधवारी, हादीच्या पहिल्या गाडीने निघते. तुझ्या घरी सामान टाकायला येणार नाही, पिशवी घेऊनच रफीकाकडे जाईन. पिशवीत या कापणीची मेंदी आहे, मी स्वतः कुटलेली, दोनदा वस्त्रगाळ केलेली. काल तिचाही पेला मांडून पाहिला. अर्धा तास बसले समोर. काही झालं नाही, पाणी थंडगार. तरी तू पुन्हा मांडून बघ. मी वाईट वाटून घेणार नाही.

मर्दूमाचं मडकं फोडलं नाही. फोडलं तर म्हातारीने नाटक केलं असं होईल, आणि जारातल्या म्हाताऱ्या बायकांना ते अजून लागतं. त्यावर कोळशाने नाव लिहिलंय. जिला लावेन तिला आधी नाव सांगेन.

रफीकाला काय सांगायचं ते मी गाडीत ठरवीन म्हटलं होतं, पण सहा तास ठरवत बसण्यासारखं त्यात काही नाही. "तुझी चूक नव्हती, माझी होती, मला अठरा वर्षं ठाऊक होतं." एवढंच आहे. दार उघडलं नाही तर बाहेरून सांगेन. शेजाऱ्यांनी ऐकलं तर बरंच, तिचं नाव गेलं तेही त्यांच्यासमोरच. पायरीवर बसायची वेळ आली तर गुडघ्यांची सोबत आहेच.

संध्याकाळपर्यंत मी तुझ्या दारी आले नाही, तर समज, अजून तिच्या पायरीवर आहे. जेवायला थांबू नकोस.

तुझ्या कानामागची ती जागा मला दाखवशील का, हे विचारायचा मला हक्क नाही. पण या वेळी मी डोळे खाली घालणार नाही.

तुझी थोरली बहीण, जिला तू "मेंदीच ना?" असं विचारलं होतंस, ती
मन्नूबिया, मर्दूमावाली